सव्वीस नंबरची बोली

"डावा हात इकडं द्या," अण्णा बिरनाळे म्हणाले, "आन् उजवा त्या मशीनवर ऱ्हाऊ दे."

मी खुर्चीतल्या खुर्चीत सरकले. सांगलीतल्या त्यांच्या पेढीच्या माडीवर, समोर कॉम्प्युटरवर मुंबईच्या एका लिलावघराचं पान उघडं होतं, अडतिसावी वस्तू पुकारायला वीस मिनिटं उरली होती, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे हळदीचे व्यापारी माझा हात मागत होते.

"हात कशाला, अण्णा? तुम्ही नुसता आकडा सांगा, मी टाकते."

"भाव तोंडानं सांगू?" त्यांना खरोखरच धक्का बसला. "पन्नास वर्षांत कधी सांगितला न्हाई."

खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी टेबलावर पसरला. जुन्या काळी सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे हत्ता पद्धतीनं व्हायचे. रुमालाखाली हात घालायचा आणि समोरच्याची बोटं दाबून भाव सांगायचा. कुणी काय भाव दिला ते शेजारच्यालाही कळायचं नाही. ती पद्धत बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती. अण्णांच्या अंगातून ती गेली नव्हती.

"द्या हो हेमाताई," दारातून पद्माकाकू म्हणाल्या. "जन्मभर हळदवाल्यांचेच हात धरले, माझा काय धरला न्हाई. तुमचा तरी धरू दे."

"तू गप," अण्णा म्हणाले. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा मी मिरजेत राहून एक विचित्र धंदा करत होते. श्रीमंत, हौशी माणसांच्या वतीनं ऑनलाइन लिलावात बोली लावायची. ही माणसं कारखाने चालवतात, पण लिलावाच्या पानावर घड्याळ उलटं धावायला लागलं की त्यांची बोटं थरथरतात. म्हणून मी. आधी बँकेत होते, त्यामुळे आकड्यांची भीती नाही, आणि दुसऱ्याचे पैसे असल्यामुळे डोकं थंड. माझा करार साधा होता. गिऱ्हाइकानं मर्यादा सांगायची, मी त्या मर्यादेच्या आत वस्तू मिळवायची, जेवढे वाचतील त्यातला दहावा हिस्सा माझा. मर्यादा ओलांडली तर मला शून्य.

अण्णांची मर्यादा होती सहा लाख. आणि वस्तू होती पितळी अडकित्ता.

हसू नका. जुन्या अडकित्त्यांचे शौकीन असतात, आणि ते भलतेच कडवे असतात. अण्णांकडेच एकेचाळीस होते. पण हा बेचाळिसावा त्यांना शौक म्हणून नको होता. चार दिवसांपूर्वी मी त्यांना फोटो दाखवला, तेव्हा ते चष्मा काढून, पुसून, परत लावून बराच वेळ बघत बसले होते.

"आमच्या बाबांचा हाय," ते म्हणाले होते. "चौदा वर्षांपूर्वी घरातनं गेला. परत आला पायजे."

"गेला म्हणजे? चोरीला?"

"गेला," एवढंच म्हणाले.

"पण हाच कशावरून?"

त्यांनी फोटोत बोट ठेवलं. अडकित्त्याच्या बिजागरीत पिवळाजर्द रंग मुरलेला होता. खाली लिलावघरानं मोठ्या विद्वत्तेनं लिहिलं होतं, 'सोन्याच्या मुलाम्याचे दुर्मिळ अवशेष.'

अण्णा इतके हसले की ठसका लागला. "मुलामा! हळद हाय ती, हळद! बाबा ह्या अडकित्त्यानं हळकुंड फोडून आतला रंग बघायचे. चाळीस वर्षं. सुपारी कापायला दुसरा होता."

"म्हणजे लोक सोनं समजून बोली लावणार?"

"समजू देत. तुमी कुणाला बोलू नका."

तर असा तो अडकित्ता. लिलावघराचा अंदाज होता दीड लाख. मी मनातल्या मनात माझा दहावा हिस्सा मोजून ठेवला होता, हे कबूल करते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय!

तीन वाजून दहा मिनिटांनी वस्तू पुकारली. सुरुवात ऐंशी हजार. एकोणीस नंबरचा कुणी तरी लगेच लाखावर गेला, एकतीस नंबरनं सव्वा केला. नावं दिसत नाहीत, नुसते नंबर दिसतात. आमचा नंबर होता बारा. प्रत्येक बोलीनंतर घड्याळ परत दोन मिनिटांवर जायचं. त्या दोन मिनिटांत कुणी वर गेलं नाही, तर सौदा पक्का.

"घालू का हात?" मी विचारलं.

"थांबा. बाजार तापू दे."

माझा डावा हात रुमालाखाली, त्यांच्या खरखरीत पंजात. एक बोट दाबलं की दहा हजार वाढवायचे, दोन दाबली की वीस. हात काढून घेतला की सौदा मोडला. आणि एक अट होती. प्रत्येक आकड्याच्या शेवटी सव्वाशे लावायचे.

"गोल आकड्यावर सगळं जग थांबतंय," अण्णांनी बजावलं होतं. "आपण सव्वाशे पुढं थांबायचं. बाबांची शिकवण."

यात मला काही नवल वाटलं नाही. अशी शेपटं बरेच जण लावतात.

दोन लाखांवर अण्णांनी पहिल्यांदा बोट दाबलं. मी टाकले, दोन लाख दहा हजार एकशे पंचवीस. एकोणीस नंबर वर गेला. दोन बोटं. परत तो. परत दोन. तीन लाखांवर एकतीस नंबर गारठला. एकोणीस चिवट होता, पण त्याच्या बोल्या आता उशिरा येत होत्या, मिनिट मिनिट विचार करून. अशा वेळी माझ्या अंगात जो काही उत्साह संचारतो म्हणून सांगू! त्यानं चार लाख केले. अण्णांनी दोन बोटं दाबली. चार लाख वीस हजार एकशे पंचवीस.

दीड मिनिट गेलं. कुणी नाही. वीस सेकंद. दहा.

"काकू, साखर आणा!" मी ओरडले. "एक लाख ऐंशी हजार वाचले!"

आणि दोन सेकंद उरलेले असताना पान लाल झालं. 'तुमची बोली मागे पडली आहे.'

सव्वीस नंबर. आतापर्यंत कुठेही नसलेला. चार लाख चाळीस हजार एकशे पंचवीस.

"अगं बाई! हा कोण टपकला? आणि बघा की अण्णा, आपली नक्कल करतोय! सव्वाशे लावलेत!"

माझ्या हातावरची त्यांची बोटं होती तिथेच थांबली होती. मी घड्याळाकडे बघत होते. सव्वा मिनिट, एक मिनिट, चाळीस सेकंद.

"अण्णा! बोटं!"

त्यांनी दोन बोटं अशी दाबली की मी कळवळले. चार साठ सव्वाशे. माझं बटण दाबून होतंय न होतंय तोच सव्वीस नंबर चार ऐंशीवर. सव्वाशे आहेतच. पाच लाख. पाच वीस. हा माणूस एकोणीस नंबरसारखा विचार करत नव्हता. चेंडू भिंतीवर टाकावा तसा परत येत होता.

पाच नव्वदवर तो पोचला तेव्हा मी श्वास सोडला. "झालं अण्णा. आता एकच बोली आपल्या मर्यादेत बसते, आणि तीही सव्वाशेनं बाहेर जाते. सोडू या?"

एक बोट.

"सहा लाख एकशे पंचवीस होतील. मर्यादा सहाची आहे."

"सव्वाशेनं काय बिघडतंय?"

हे कोण म्हणत होतं? सकाळी मला स्टँडवरून आणणाऱ्या रिक्षावाल्याशी पाच रुपयांसाठी दहा मिनिटं घासाघीस करणारा माणूस! मी बोली टाकली. माझा दहावा हिस्सा तिथे संपला, आणि मला मनापासून राग आला.

कारण हा आजार मी ओळखत होते. मोठमोठी माणसं लिलावात वस्तूच्या पाचपट पैसे मोजतात ते वस्तूवर प्रेम असतं म्हणून नाही, असं माझं ठाम मत होतं. वस्तू असते निमित्त. समोर कुणी तरी आहे, दिसत नाही, पण माझ्या हातातली गोष्ट ओढतोय, हे कळलं की माणसाचं पोर होतं. बाहुली कोपऱ्यात पडलेली असते तोवर कुणी विचारत नाही, दुसऱ्यानं उचलली की रडारड. दुसऱ्या दिवशी हीच माणसं मला फोन करून विचारतात, "हेमाताई, मला अडवलं का नाही?"

म्हणून मी अडवत होते. सात लाख झाले, आठ झाले. प्रत्येक बोलीला मी म्हणत होते, "अण्णा, पुरे," आणि प्रत्येक वेळी दोन बोटं. काकू आत येऊन माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी पडद्यावरचे आकडे वाचले आणि तोंडावर पदर धरला. मला वाटलं, रकमेनं घाबरल्या.

सव्वीस नंबर नऊ लाख सव्वाशेवर आला. अण्णांनी पाचही बोटं दाबली, सोडली, परत दाबली, आणखी दोन वेळा काही तरी केलं. मला हिशेब लागेना.

"किती वाढवायचे?"

"सव्वा लाख," ते कसेबसे म्हणाले.

"एकदम?"

"एकदम."

दहा लाख पंचवीस हजार एकशे पंचवीस. मनात म्हटलं, एवढ्या उडीनं सव्वीस नंबर गारद होईल.

नऊ सेकंदांत उत्तर आलं. अकरा लाख पन्नास हजार एकशे पंचवीस. त्यानंही बरोबर सव्वा लाखच वाढवले होते, ना एक रुपया कमी, ना जास्त.

मी माझा हात रुमालाखालून खसकन ओढून घेतला.

"मी नाही करणार, अण्णा. अति तिथं माती. अडकित्त्याला दीड लाख पण जास्त आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. सोनं नाही ते, हळद आहे! तुम्हीच म्हणालात! तो सव्वीस नंबर कुणी तरी वेडा आहे, आणि तुम्ही त्याच्या नादी लागून—"

"बारा लाख पंच्याहत्तर हजार सव्वाशे," अण्णा म्हणाले.

मोठ्यानं, तोंडानं. काकूंनी दचकून त्यांच्याकडे बघितलं. मीही बघितलं. म्हाताऱ्याचे डोळे भरून वाहत होते आणि चेहरा मात्र लग्नाच्या वरातीत असावा तसा फुललेला.

"टाका हेमाताई. वेडा न्हाई तो. भीमू हाय."

"कोण भीमू?"

"ह्यांचा धाकटा भाऊ, भीमगोंडा," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटत होता. "टाका आधी, येळ जाईल!"

मी टाकले. आठ सेकंदांत पान लाल. चौदा लाख सव्वाशे.

"बघितलासा? बघितलासा?" अण्णांनी टेबलावर थाप मारली. "सव्वाशे कोण बी लावंल. पण बाबा म्हणायचे, सौदा लांबला की सव्वाच्या पटीत जायचं, म्हंजे समोरच्याला कळतंय की ही पेढी हाय, हौशी माणूस न्हाई. हे आमा दोघांनाच शिकवलं. तिसऱ्याला ठाऊक न्हाई. माझ्या घरातला हात हाय तो!"

"मग तुम्ही आपल्याच भावाशी भांडताय? फोन करा त्यांना! आत्ताच्या आत्ता! दोघांचे लाखो रुपये—"

"फोन उचलत न्हाई," अण्णा म्हणाले. "तुमी टाका. पंधरा पंचवीस सव्वाशे."

मी टाकत होते आणि ते सांगत होते, एका बोलीतून दुसऱ्या बोलीपर्यंत, तुकड्या तुकड्यानं. बाबा वारले, तीन महिन्यांत वाटणी झाली. पेढी, गोदाम, शेत, भांडी, सगळं सुरळीत वाटलं गेलं. राहिला अडकित्ता. हा म्हणे मी थोरला, मला. तो म्हणे शेवटपर्यंत बाबांजवळ मी बसलो, मला. तोंडाला तोंड लागलं, नको ते शब्द गेले. शेवटी पंच वैतागून म्हणाले, विका आणि पैसे वाटून घ्या. दारावरून जुनं सामान घेणारा चालला होता, त्याला बोलावला.

"केवढ्याला दिला?" मी विचारलं.

"अकराशे. साडेपाचशे त्याला, साडेपाचशे मला."

पान परत लाल झालं होतं. सोळा लाख पन्नास हजार सव्वाशे.

"त्यानंतर एक शब्द न्हाई. माझ्या नातीच्या लग्नाला आला न्हाई. चार म्हैन्यांमागं बाजार समितीत समोर आला. मी म्हटलं, भीमू, हळद काय म्हणतीया? तोंड फिरवून गेला. चौदा वर्षं मी बोलतोय आन् तो उठून जातोय. आज बघा की! मी बोललो की धा सेकंदांत जवाब! टाका, हेमाताई, टाका! सतरा पंच्याहत्तर!"

आता काय सांगू तुम्हाला. माझ्या सगळ्या धंद्याची अक्कल तिथे गळून पडली. मी जोरात बटण दाबलं आणि तिघंही पडद्याकडे डोळे लावून बसलो. सतरा लाख पंच्याहत्तर हजार एकशे पंचवीस.

दहा सेकंद गेले. वीस गेले. पान हिरवंच. 'तुमची बोली सर्वोच्च आहे.'

"आला न्हाई," अण्णा म्हणाले.

"येतील," मी म्हणाले.

एक मिनिट गेलं. सव्वीस नंबरकडून काही नाही. अण्णांनी माझं मनगट धरलं होतं, यावेळी रुमाल वगैरे काही नाही.

"गेला का उठून?"

"नेट गेलं असेल त्यांचं. किंवा पलीकडं माझ्यासारखी कुणी तरी त्यांना अडवत असेल."

"तिला म्हणावं गप बस!" काकू पडद्यावर ओरडल्या. "भावजी, टाका की वो!"

तीस सेकंद. वीस. त्या घड्याळाकडे बघून मी आयुष्यभर देवाला एकच मागत आले होते, की आता कुणी वर जाऊ नये. त्या दुपारी मी पहिल्यांदा उलटं मागितलं. अकरा सेकंद. आठ. वस्तू आमच्या पदरात पडत होती, आणि अण्णांचा चेहरा घरातलं माणूस दगावल्यासारखा झाला होता.

चार सेकंद उरले आणि पान लाल झालं. एकोणीस लाख सव्वाशे.

मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. काकूंनी मला मिठी मारली. अण्णा खुर्चीतून उठून उभेच राहिले आणि त्यांनी उभ्या उभ्या पुढचा आकडा ठणकावला, वीस पंचवीस सव्वाशे! सहा सेकंदांत जवाब. एकवीस लाख पन्नास हजार एकशे पंचवीस.

मी पुढचा आकडा टाकायला बोट उचललं.

"थांबा," अण्णा म्हणाले.

"का?"

"मी न्हाई टाकणार आता. शेवटचा शब्द त्याचा ऱ्हाऊ दे. त्या दिवशी मी राहू दिला न्हवता."

"पण अण्णा, बाबांचा अडकित्ता! परत आला पाहिजे म्हणाला होता!"

"घरातच चाललाय की."

पुढची दोन मिनिटं काकू सेकंद उलटे मोजत राहिल्या. मला तर हात मांडीखाली दाबून बसावं लागलं. घड्याळ शून्यावर आलं, पानावर 'विकले गेले' अशी पट्टी पडली, खाली सव्वीस नंबर आणि साडेएकवीस लाखांचा तो भला थोरला आकडा. चौदा वर्षांपूर्वी दारावर अकराशेला दिलेल्या अडकित्त्याचा. माझ्या कराराप्रमाणे माझी कमाई शून्य होती, आणि मी इतकी खूश कधीच झाले नव्हते.

पेढीवरचा जुना काळा फोन वाजला.

चौथ्या घंटीला मीच उचलला.

"बिरनाळे पेढी."

पलीकडून एक जाड, खरखरीत आवाज, अगदी अण्णांच्याच घराण्यातला. "त्यांना विचारा, का थांबलासा म्हणून. माझ्याकडं अजून हुते."

मी रिसीव्हर पुढे केला. अण्णांनी तो दोन्ही हातांनी धरला, कानाला लावला. काकूंनी पाठीत कोपर मारलं.

"अरे गाढवा!" अण्णा ओरडले, इतक्या जोरात की खालच्या गुमास्त्यांनी वर बघितलं असेल. "अकराशेचा अडकित्ता साडेएकवीस लाखाला घेतोस! आन् आतली हळद बी ठाऊक असताना! तुला व्यापार शिकवला कुणी रे?"

तो जुना फोन. पलीकडचं सगळं आम्हालाही ऐकू येत होतं. आधी हुंदका आला, मग हसू, मग पुन्हा हुंदका.

"तुमीच की, अण्णा."

अण्णा मटकन खाली बसले. बाहीनं नाक पुसलं, रिसीव्हर छातीशी धरला, परत कानाला लावला.

"मग चुकीचा शिकवला," ते म्हणाले. "ये इकडं. परत शिकवतो."